पाळी कोण आणतं?

15 ऑक्टोबर 2023, रविवार. घटस्थापना

पहाटे साडेचारला ओटीपोटात कळ आली. घट बसायच्या दिवशीच पाळी आली. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनीच परडीत माती घातली, धान्य पेरलं. मी आतल्या खोलीत बसून या वहीत तारीख टाकली.

शेजारच्या काकूंची गोळी गेल्या आठवड्यापासून चालू आहे, नऊ दिवसांत अडचण नको म्हणून. मेडिकलवाला चिठ्ठी मागत नाही. दसरा झाला की त्या गोळी थांबवतील आणि दोन-तीन दिवसांत त्यांची पाळी येईल. गावातल्या कितीतरी बायकांना हा अनुभव पाठ आहे, त्यातलं कारण मात्र त्यांना कुणी सांगितलेलं नाही. त्या गोळीत प्रोजेस्टेरॉनसारखं संप्रेरक असतं. ते रक्तात आहे तोवर गर्भाशयाचं अस्तर जागेवर राहतं, ते ओसरलं की अस्तर सुटतं. माझ्याही अंगात परवापर्यंत हेच द्रव्य होतं, माझ्याच अंडाशयानं केलेलं. ते संपलं म्हणून आज पहाटे हे झालं. यात घाण कुठे आहे? बाळाची वाट पाहत अंथरलेली जागा आहे, कुणी आलं नाही म्हणून ती उचलली, एवढंच.

या महिन्यात रोज सकाळी उठल्या उठल्या, अंथरुणातच, तोंडातला ताप मोजून लिहायचा. दहावीच्या मुलींना आलेख दाखवायचा आहे. आणि पोळ्याला माहेरी गेले तेव्हा आईनं एक प्रश्न विचारला होता, तो अजून माझ्याकडे तसाच पडून आहे. "बाई, तू शाळंत शिकवतीस. मग सांग, पाळी आणतं कोण?"

आजचा ताप 97.3.

17 ऑक्टोबर, मंगळवार

दहावीचा धडा काढला. वर्गात अकरा मुली. त्यातल्या चौघींचे आईबाप पुढच्या महिन्यात ऊसतोडीला जातील. मुली खाली बघत होत्या, मुलं खिडकीबाहेर. मी फळ्यावर फक्त एक शब्द लिहिला: पाळी. मग विचारलं, हा शब्द घरात अजून कशाकशासाठी वापरतात?

पहिला हात मुलाचा वर झाला. "मॅडम, कालव्याची पाळी." बरोबर. आमचं रान माजलगावच्या कालव्याखाली आहे, पाणी सुटलं की ज्याची पाळी त्यानं भिजवायचं. यंदा पावसानं दगा दिलाय, पाळी सुटेल याची कुणाला खात्री नाही. दुसरा म्हणाला, वखराची पाळी. पेरणीआधी दोन पाळ्या घालतात. तिसरी, दिवसपाळी-रात्रपाळी. मग एक मुलगी हळूच म्हणाली, "म्हणजे आपला नंबर."

आपला नंबर. मला इतकं बरं वाटलं! पुस्तकातल्या 'ऋतुचक्र' या शब्दात गोल फिरणं आहे, आपल्या 'पाळी'त नंबर लागणं आहे, एकानं थांबून दुसऱ्याला सोडणं आहे. शरीरात खरोखर तेच होतं. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा बोरापेक्षाही लहान भाग आहे. तो खालच्या पीयूषिका ग्रंथीला खूण करतो. ती ग्रंथी वाटाण्याएवढी. ती दोन संप्रेरकं रक्तात सोडते, एफएसएच आणि एलएच. ती अंडाशयापर्यंत पोचतात. अंडाशयातल्या काही पुटिका, म्हणजे अंड्याभोवतीच्या बारीक कुप्या, वाढायला लागतात आणि इस्ट्रोजेन करतात. इस्ट्रोजेन गर्भाशयात जाऊन नवं अस्तर बांधायला घेतं, आणि तेच उलट वर मेंदूला निरोप देतं: आता जरा कमी सोडा. एफएसएच कमी झालं की बाकीच्या पुटिका मागे पडतात, एक तगते. तिची पाळी.

तास संपला तरी कुणी उठलं नाही. मुलीच्या अंडाशयात जन्मतः दहा-वीस लाख अंडपेशी असतात, वयात येईपर्यंत तीन-चार लाख उरतात आणि सगळ्या आयुष्यात बाहेर पडतात जेमतेम चारशे, हे ऐकून मागच्या बाकावरचा मुलगा "बापरे" म्हणाला. हसू कुणालाच आलं नाही.

20 ऑक्टोबर, शुक्रवार

भावजय आली, धारूरहून दोन एसट्या बदलून. बरोबर सीताफळांची पाटी. तिकडं बालाघाटाच्या डोंगरात यंदा पावसाअभावी फळ बारीक आहे, पण गोडी तीच. दुपारभर ती काही बोलली नाही. संध्याकाळी भाकरी थापताना म्हणाली, "आक्का, डाक्टर म्हणला पिशवी खराब झालीया. ठिवली तर कॅन्सर हुईल."

वय एकोणतीस. दोन लेकरं, दुसऱ्यानंतर नसबंदी. दोन वर्षांपासून अंगावर पांढरं जातं आणि पाळी आली की दहा-दहा दिवस जाते, कधी दीड महिना येतच नाही. एका खासगी दवाखान्यात सोनोग्राफी झाली, पाच मिनिटांत निकाल लागला. माझ्या भावानं मुकादमाकडून उचल घेतलीच आहे, त्यातनंच ऑपरेशन उरकायचं, मग हंगामाला मोकळं. ती म्हणाली, "फडात पाळी आली की लई हाल हुत्यात. पाणी नाही, आडोसा नाही. खाडा पडला की पाचशे कापत्यात. सगळ्या बाया काढत्यात, मंग मीच कामून नको?"

तिला मी काय उत्तर देणार होते? नवराबायको मिळून एक कोयता. त्यातलं एक बसलं तर कोयता अडतो. पहाटे फडावर, दिवसभर तोडणी, मोळ्या डोक्यावरून गाडीत भरायच्या, रात्री पाचटाच्या कोपीत. या सगळ्यात महिन्याचे चार-पाच दिवस म्हणजे तिच्या हिशोबात नुकसान. हिशोब ज्यांनी बांधून दिला त्यांच्यावर माझा राग आहे, तिच्यावर कणभरही नाही.

पण मला आई दिसायला लागली. 2003 चा हंगाम. मी चौदा वर्षांची. आम्ही सांगलीकडे एका फडावर होतो आणि मला पहिल्यांदा पाळी आली ती कोपीतच. आईनं जुन्या लुगड्याचं फडकं दिलं आणि म्हणाली, "आता तुजी सुरू झाली, माजी बंद करायची हाय." हंगाम संपल्यावर तिची पिशवी काढली. ती तेव्हा एकतीस वर्षांची होती.

25 ऑक्टोबर, बुधवार

रजा टाकून भावजयीला घेऊन अंबाजोगाईला गेले, स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात. केसपेपर काढला, रांगेत दोन तास बसलो. आत गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो कुणीच आजवर विचारला नव्हता: "शेवटच्या सहा पाळ्यांच्या तारखा सांगा." भावजय माझ्याकडं बघायला लागली. तारखा कुणी लिहिल्या होत्या?

मग त्यांनी आठवून आठवून काढल्या. पोळ्याच्या आधी, नागपंचमीला, मधे एक महिना नाहीच. डोळ्याच्या आतली कड पाहिली, गळा चाचपला, थकवा येतो का, थंडी सोसते का, वजन वाढलं का. तपासणी केली, गर्भाशयाच्या मुखाची कॅन्सरची चाचणीही केली. रक्त दिलं. पांढऱ्या जाण्याला संसर्ग म्हणाल्या. गोळ्या नवराबायको दोघांना, नाहीतर उपयोग नाही. पिशवीबद्दल विचारलं तेव्हा म्हणाल्या, "पिशवी आपल्या मनानं काही करत नाही. तिला वरून जसे हुकूम येतात तशी ती वागते. हुकूम का चुकताहेत ते आधी बघू."

परत येताना मी भावजयीला गाडीत तेच समजावत होते. जेव्हा अंडं बाहेरच पडत नाही, तेव्हा प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही. इस्ट्रोजेन एकटंच अस्तरावर थर चढवत राहतं. कुणी थांबवणारं नाही, कुणी वेळेवर सोडवणारं नाही. मग ते कधीतरी आपल्या वजनानं, तुकड्यातुकड्यानं ढासळतं, आणि दहा-दहा दिवस जातं. दर पाळीत सरासरी तीस-चाळीस मिलिलिटर रक्त जातं, टपरीवरच्या कटिंग चहाहून कमीच. ऐंशीच्या वर गेलं की वैद्यक त्याला जास्त म्हणतं. तिचं त्याच्या किती वर जातं ते मोजायला तिच्याकडं काही नव्हतं. ओठ मात्र पांढरे पडलेत.

"मंग नसबंदी केली म्हनून आसं झालं का?" हा समज गावोगाव आहे. नाही. नसबंदीत नळ्या बांधतात. अंडं आणि शुक्राणू यांची वाट अडते. संप्रेरकं रक्तातून जातात, नळीतून नाही. ती आपली चालूच राहतात.

28 ऑक्टोबर, शनिवार. कोजागरी

रात्री एकनंतर ग्रहण. म्हणून दूध लवकर आटवून पिऊन टाकलं. गल्लीतल्या गरोदर सुनेला विळीला हात लावू दिला नाही.

चंद्राचा आणि पाळीचा महिना एकच, असं सासूबाई म्हणतात. चंद्राचे साडेएकोणतीस दिवस, बाईचे सरासरी अठ्ठावीस-एकोणतीस, आकडे जवळ आहेत खरे. पण चंद्र आणत असता तर सगळ्यांना एकाच तिथीला आली असती. आणि गोठ्यातल्या गाईवरही तोच चंद्र उगवतो. तिचं चक्र एकवीस दिवसांचं.

गाईचं सगळं गाव जाणतं. माजावर आली, हंबरायला लागली, सोट टाकला, की बारा तासांत डॉक्टरला फोन. माझ्या सासऱ्यांच्या वहीत आमच्या दोन्ही गाईंच्या तारखा आहेत, गेल्या चार वर्षांच्या. माझ्या भावजयीला स्वतःच्या दोन महिन्यांच्या आठवत नाहीत. मला या गोष्टीचं फार वाईट वाटलं.

त्यातून एक चूकही पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. गाईचा माज म्हणजे बाईची पाळी, अशी लोकांची समजूत असते. म्हणून मूल राहायचे दिवस पाळीला लागूनच धरतात. खरं उलटं आहे. गाय माजावर येते तेव्हा तिचं इस्ट्रोजेन सगळ्यात जास्त असतं आणि अंडं सुटायच्या बेतात असतं. बाईत ती वेळ दोन पाळ्यांच्या मधे येते, आणि तेव्हा बाहेरून काहीच दिसत नाही. ना रक्त, ना हंबरणं. सुटलेलं अंडं जगतं बारा ते चोवीस तास.

माझा चौदावा दिवस. ताप 97.4. उद्या-परवा वाढेल.

31 ऑक्टोबर, मंगळवार

काल मराठा आरक्षणाच्या आंदोलनात माजलगावात आणि बीडला जाळपोळ झाली. संचारबंदी आहे. इंटरनेट बंद, एसटी बंद. रात्री धुराचा वास येत होता. मुलाला कुशीत घेऊन जागीच होते.

97.3. वाढला नाही. भावजयीच्या रक्ताचा निकाल अंबाजोगाईत अडकला.

3 नोव्हेंबर, शुक्रवार

97.9.

काल 97.4 होता. आज अर्धा अंश वर. एवढ्या बारीक फरकाचा मला केवढा आनंद झाला! याचा अर्थ काल-परवा अंडं सुटलं. एरवी पंधराव्या दिवशी होतं, यंदा अठराव्या-एकोणिसाव्या दिवसापर्यंत लांबलं. त्या दोन जागत्या रात्रींचा त्यात हात असावा असं मला वाटतं. भीती, उपास, झोप मोडणं, अतिश्रम या सगळ्याची बातमी आधी हायपोथॅलॅमसला लागते आणि तो खुणा मंदावतो. शरीर म्हणतं, ही वेळ बाळ धरण्याची नाही.

या खुणा कशा असतात, हे शोधणं सोपं नव्हतं. खुणेचं द्रव्य, जीएनआरएच, इतकं थोडं असतं की ते हाती यायला रॉजर गिलमाँ यांनी मेंढ्यांचे आणि अँड्र्यू शाली यांनी डुकरांचे लाखो मेंदू गोळा करून त्यांतून ते अलग काढलं. 1971 मध्ये त्याची रचना कळली, 1977 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. पण खरी गंमत पुढेच आहे. अमेरिकेत पिट्सबर्गला अर्न्स्ट नोबिल आणि त्यांचे सहकारी माकडिणींवर काम करत होते. ज्यांचा हायपोथॅलॅमसचा तो भाग निकामी केला होता अशा माकडिणींना त्यांनी हे द्रव्य बाहेरून दिलं. सलग धार लावली तर पीयूषिका ग्रंथी गप्प बसली. तासाला एकदा, काही मिनिटं दिलं तर एलएच आणि एफएसएच पुन्हा सुरू झालं. 1978 मध्ये हे छापून आलं.

आमच्या सासऱ्यांना मी हे सांगितलं तर त्यांना जराही नवल वाटलं नाही. "कालवा कायम चालू ठिवला तर रान चिबडतंच की," म्हणाले. "पाळीपाळीनंच पाणी द्यावं लागतं."

बाईमध्ये पहिल्या पंधरवड्यात ही खूण दर तास-दीड तासाला येते, दुसऱ्यात तीन-चार तासांवर जाते. आणि मधे, एकदाच, नेहमीचा नियम उलटतो. एरवी इस्ट्रोजेन वाढलं की मेंदू हात आखडता घेतो. पण तगलेली पुटिका वीस मिलिमीटरच्या आसपास पोचते, रक्तात दर मिलिलिटरला दोनशे पिकोग्रॅमच्या वर इस्ट्रोजेन दोन दिवस टिकून राहतं, तेव्हा तोच मेंदू एलएचचा लोंढा सोडतो. पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. लोंढा सुरू झाल्यापासून साधारण छत्तीस तासांत पुटिका फुटते. 'थांब' म्हणणारं द्रव्यच पुरेसं झालं की 'सोड' म्हणतं! दहावीच्या पुस्तकात हे एका ओळीत आलंय. मला वाटतं यावर दोन तास घालवावेत.

फुटलेल्या पुटिकेचं पीतपिंड होतं. नावाप्रमाणे पिवळं, हळकुंडासारखं. ते प्रोजेस्टेरॉन करतं आणि प्रोजेस्टेरॉन अंगाचा ताप अर्धा अंश वर नेतं. त्याचं आयुष्य सुमारे चौदा दिवस. पाळी पुढे-मागे होते ती बहुतेक पहिल्या भागामुळे, दुसरा भाग सहसा ठरलेला. म्हणून इथं लिहून ठेवते: माझी पाळी 16 नोव्हेंबरच्या आसपास येईल.

5 नोव्हेंबर, रविवार

काल एसटी सुरू झाली तशी निकाल घेऊन आले. हिमोग्लोबिन 7.9. थायरॉइडचं टीएसएच 14, म्हणजे थायरॉइड कमी काम करतंय आणि मेंदू त्याला ओरडून उठवतोय. कॅन्सरच्या चाचणीत काही नाही. पिशवीत काढण्यासारखं काहीच नाही. थायरॉइड मंद पडलं की अंडं वेळेवर सुटत नाही आणि पाळी जास्त जाते. रोज रिकाम्या पोटी एक गोळी, लोहाच्या गोळ्या, फार जायला लागलं तर त्या दिवसांपुरती वेगळी गोळी. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त.

एका गोळीची किंमत एक-दोन रुपये. ऑपरेशनला उचलीतले तीस हजार जाणार होते.

भाऊ बराच वेळ कागद उलटसुलट बघत राहिला. मग म्हणाला, "मंग त्या डाक्टरनं कामून आसं सांगितलं?" मी गप्प राहिले. त्या माणसाच्या मनात काय होतं ते मला माहीत नाही. पाच मिनिटांत पिशवी खराब ठरवता येत नाही, एवढं माहीत आहे.

6 नोव्हेंबर, सोमवार

टोळी गेली. पहाटे ट्रक लागला. भांडी, ज्वारीचं पोतं, ताडपत्री, शेळी, कोंबड्या, वर माणसं. भावजयीच्या पिशवीत, कापडाच्या, तीन महिन्यांच्या गोळ्या आणि एक वही. वहीत महिन्यांचे रकाने मी आखून दिलेत. तिला अक्षर फारसं येत नाही, पण आकडे येतात. पाळी आली त्या तारखेवर फुली मारायची.

तिची लेकरं माझ्या आईजवळ राहिली.

8 नोव्हेंबर, बुधवार

2019 ची कात्रणं काढली. त्या उन्हाळ्यात वर्तमानपत्रांनी बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्यांची बातमी देशभर नेली. विधान परिषदेत प्रश्न उठला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. सहा बायका एका रांगेत उभ्या केल्या तर त्यातली एक. 2015-16 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांत हे प्रमाण शंभरात सुमारे तीन होतं. ही बातमी गाजल्यावर जिल्ह्यात खासगी दवाखान्यांना असं ऑपरेशन करण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली. यंदा एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानंही अनावश्यक ऑपरेशनं रोखण्याचे केंद्राचे नियम सगळ्या राज्यांनी लागू करावेत असं सांगितलं.

13,861 या आकड्यात माझी आई आहे की नाही, मला माहीत नाही. तिला विचारायला कुणी आलं होतं का, तेही तिला आठवत नाही.

आणि र. धों. कर्वे यांनी 1927 पासून 1953 पर्यंत, जवळपास मरेपर्यंत, 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवून या शरीराबद्दल मराठीत उघड लिहिलं. खटले सोसले. त्याच भाषेत, जवळपास शंभर वर्षांनी, बाईला फक्त "पिशवी खराब" हे दोन शब्द मिळतात.

12 नोव्हेंबर, रविवार. लक्ष्मीपूजन

माहेरी आले. पहिली अंघोळ, लेकरांना उटणं. दुपारी ओसरीवर आईचे पाय चेपत बसले आणि म्हणाले, आई, तू पोळ्याला विचारलं होतंस त्याचं सांगू का?

मी सांगत गेले. खूण डोक्यातून निघते. अंडाशय उत्तर देतं. पिशवीपर्यंत शेवटी पोचतं. पिशवी कालव्याच्या टोकाचं रान आहे. पाणी तिथं दिसतं, पण सुटतं वरून.

आई म्हणाली, "मंग पिशवी काढली तर वरचं काय हुतं?"

हा प्रश्न मी स्वतःला किती वर्षांनी विचारला आणि तिनं लगेच! गाईची किंवा मेंढीची पिशवी काढली तर तिचं चक्रच अडतं, कारण तिच्यात पीतपिंडाला संपवायचा निरोप पिशवीतून जातो. बाईत तसं नाही. बाईचं पीतपिंड आपलं आपण विझतं. म्हणून नुसती पिशवी काढली आणि अंडाशयं ठेवली, तर आतली पाळी चालूच राहते. दर महिन्याला पुटिका वाढते, फुटते, ताप अर्धा अंश चढतो आणि उतरतो, फक्त अंगावर काही दिसत नाही. अंडाशयं थोडी लवकर थकतात, पण थकेपर्यंत काम करतात. दोन्ही अंडाशयंही काढली तर मात्र सगळं एका दिवसात तुटतं.

"तुझी काढली होती का गं?"

"मला काय ठाव. कागद हुता एक, पावसात गेला."

मग तिनं जे सांगितलं ते ऐकून मी उठून आत गेले, पाणी प्यायले, परत आले. ऑपरेशन झाल्यावर पंधरा दिवसांत तिला अंगातून वाफा यायला लागल्या. ऐन रात्री घामानं लुगडं भिजायचं. झोप गेली. उगाच रडू यायचं. तिला वाटलं बाहेरचं काही लागलं. एका देवऋष्याला कोंबडं दिलं. एकतीस वर्षांची बाई. कंबर तेव्हापासून दुखतेय, चव्वेचाळिसाव्या वर्षी हौदावर पाय घसरला तर मनगट मोडलं. इस्ट्रोजेन हाडं झिजवणाऱ्या पेशींना आवरून धरतं. ते वीस वर्षं आधी गेलं.

पंधरा दिवसांत वाफा. बहुतेक अंडाशयंही काढली होती. आता तिचं वय एक्कावन्न, एरवीही पाळी गेली असती, आता रक्त तपासून ते सिद्ध होणार नाही.

मी तिला एवढंच सांगितलं की तुला बाहेरचं काही लागलं नव्हतं. अंडाशय गेलं तरी मेंदूला ते कुणी कळवत नाही. तो खुणा वाढवत जातो, एफएसएच रक्तात चढत राहतं, खालून कुणी ओ देत नाही. त्यात अंगाचा ताप राखणारं केंद्रही गडबडतं, म्हणून वाफा.

आई बराच वेळ अंगणातल्या पणत्यांकडं बघत होती. "म्हंजी मी येडी नव्हते," म्हणाली.

"नाही गं आई."

"तुज्या बापाला सांग."

मी सांगितलं. वडील कणगीला टेकून बसले होते. त्यांनी मान खाली घातली आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

तिच्यासाठी कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि हाडांची तपासणी, दिवाळी झाली की अंबाजोगाई. हे लिहून ठेवते म्हणजे राहणार नाही.

16 नोव्हेंबर, गुरुवार

काल भाऊबीज केली, सासरी परत आले. आज सकाळी ताप 97.4 वर उतरला आणि दुपारी पाळी आली. तेहतिसावा दिवस, म्हणजे पुन्हा पहिला. वहीत लिहिलेली तारीख बरोबर निघाली! कळ जोरात आहे. अस्तरातली प्रोस्टाग्लँडिनं स्नायू आवळतात आणि बारीक रक्तवाहिन्या मिटवतात, त्याची ती कळ. गोळी घेतली, शेकायला पिशवी घेतली. मुलींना द्यायचा आलेख पूर्ण झाला, दिवाळीची सुट्टी संपली की वर्गात लावते.

संध्याकाळी भावजयीचा फोन. सांगलीकडे फडावर आहेत. मागून कुत्री भुंकत होती, कुणीतरी चुलीला पाचट घालत होतं. म्हणाली, तेरा तारखेवर फुली मारली. चार दिवस झाले, पण पूर्वीसारखं नाही, कमी आहे. दुसऱ्या दिवशी बसले तर खाडा लावला. शेजारच्या कोपीतल्या दोघींनी वही बघितली, आमच्यासाठी पण आखून दे म्हणाल्या.

"आक्का, किती पानं लागतात गं वरसाला?"

मी म्हटलं, एक पुरतं, बारा रकाने. दहा-बारा वह्या आखून ठेवते, रविवारी तिकडं जाणाऱ्या ट्रकवर पाठवते. आणि थायरॉइडची गोळी रोज पहाटे, चहाच्या आधी, अर्धा तास.

"चार वाजता उठतो आम्ही," ती म्हणाली. "चहा व्हायला येळच लागतो. घेते."